ठोसा जड आहे, तरी हरतोय

वाचकाचं पत्र:

"सर, मी सतरा वर्षांचा आहे. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी बॉक्सिंग शिकतो. आमच्या केंद्रात सगळ्यात जड ठोसा माझा, हे सगळे मान्य करतात. बॅगवर माझा उजवा हात पडला की मुलं वळून बघतात. पण स्पर्धेत मी गुणांवर हरतो. यंदा विभागीय फेरीत ज्याच्याकडून हरलो, त्याच्या ठोशात काही दम नव्हता. मला एकदाही जोरात लागलं नाही, तरी पाचही जजनी त्यालाच जिंकवलं. काका म्हणतात, चॅम्पियन जन्माला यावा लागतो. चॅम्पियन बॉक्सरकडे असं काय असतं जे माझ्याकडे नाही? वजन उतरवून खालच्या गटात गेलो तर माझा ठोसा जास्त चालेल का? मी रोज कडक स्पारिंग करतो. कधी कधी रात्री डोकं दुखतं, पण ते चालायचंच."

उत्तर:

प्रिय मित्रा,

आधी तुझ्या शेवटच्या ओळीबद्दल. बाकीचे प्रश्न थांबू शकतात, हा नाही.

स्पारिंगनंतर, म्हणजे सरावाच्या लढतीनंतर, डोकं दुखणं ‘चालायचंच’ यात मोडत नाही. डोकं दुखणं, मळमळणं, उजेड सहन न होणं, मधलं काही न आठवणं, झोप बिघडणं, उगाच चिडचिड होणं ही मेंदूला हिसका बसल्याची लक्षणं असू शकतात. पहिला हिसका भरून यायच्या आत दुसरा बसला तर नुकसान फार मोठं होऊ शकतं. म्हणून याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, बॉक्सिंग करतोस आणि डोक्यावर मार बसतो हे त्यांना स्पष्ट सांग. त्यांनी परवानगी देईपर्यंत स्पारिंग पूर्ण बंद. घरी सांग, कोचना सांग. ते भित्रा म्हणतील अशी भीती वाटत असेल तर हे उत्तर त्यांच्यासमोर धर. नॉकआउट झालेल्या बॉक्सरला ठरावीक काळ रिंगबाहेर ठेवायचा नियम मोठमोठ्या व्यावसायिकांनाही लागू असतो. त्याला कुणी भित्रेपणा म्हणत नाही.

आता तुझी हरलेली बाऊट, म्हणजे स्पर्धेतली लढत. तू लिहितोस, ‘मला एकदाही जोरात लागलं नाही.’ मी हे वाक्य दोनदा वाचलं. जोरात लागलं नाही, म्हणजे लागलं होतं. कदाचित बऱ्याचदा लागलं होतं. तुझ्या गटात तीन-तीन मिनिटांचे तीन राऊंड असतात. प्रत्येक राऊंडला जज जिंकणाऱ्याला १० गुण देतो आणि दुसऱ्याला ९ किंवा त्याहून कमी. पाच जज रिंगच्या कडेला वेगवेगळ्या बाजूंना बसलेले असतात. ठोशाचं वजन मोजायला त्यांच्याकडे काटा नाही. ग्लोव्हचा मुठीकडचा भाग डोक्याच्या समोर किंवा बाजूला, नाहीतर पट्ट्याच्या वर अंगावर स्वच्छ बसला का, हे ते बघतात. बाऊट कुणाच्या मनाप्रमाणे चालली आहे हेही बघतात. तुझा उजवा हात त्याच्या ग्लोव्हवर, दंडावर किंवा हवेत गेला असेल, तर तो कितीही जड असला तरी जजच्या कागदावर त्याची नोंद होत नाही. बॅग स्वतःहून हलत नाही आणि मागे सरत नाही. माणूस सरतो. तुझा सराव स्वतःहून न हलणाऱ्या गोष्टीवर झालाय.

तुझ्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर एकच आहे, आणि इतकी वर्षं मुलांना शिकवताना ते बदललेलं नाही. चॅम्पियन बॉक्सर आधी जागा जिंकतो, ठोसा नंतर येतो. आपला हात पोचेल पण समोरच्याचा पोचणार नाही, किंवा पोचला तरी नीट बसणार नाही, अशा ठिकाणी तो वारंवार जाऊन उभा राहतो. ताकद, वेग, हिंमत, दम हे सगळं लागतंच. पण हे सगळं असलेली मुलं प्रत्येक जिल्ह्यात सापडतात. त्यातली बहुतेक तुझ्यासारखीच गुणांवर हरतात.

एक लढत बघायला सांगतो. १८ मे २०२४, रियाध. युक्रेनचा ओलेक्झांडर उसिक विरुद्ध इंग्लंडचा टायसन फ्युरी. हेवीवेटचे, म्हणजे सगळ्यात जड गटाचे, सगळे मुख्य किताब एकाच माणसाकडे जाणार होते. जुना हेवीवेट चॅम्पियन लेनॉक्स लुइसनंतर असं झालं नव्हतं. फ्युरी सहा फूट नऊ इंच, उसिक सहा फूट तीन इंच. वजनात जवळपास १७ किलोंचा फरक. तुझ्या काकांच्या हिशोबाने ही लढत व्हायलाच नको होती, कारण जन्माने जे मिळतं ते सगळं फ्युरीकडे जास्त होतं. उंची, लांब हात, वजन, आणि एवढ्या देहाला न शोभणारी चपळाई.

लढत बघताना पहिल्यांदा हातांकडे बघूच नकोस. पडद्याचा वरचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकलास तरी चालेल. फक्त पाय बघ. उसिक डावखुरा आहे, त्याचा उजवा पाय पुढे असतो. नेहमीच्या पवित्र्यात उभ्या राहणाऱ्या बॉक्सरचा डावा पाय पुढे असतो. त्यामुळे दोघांचे पुढचे पाय एकमेकांसमोर येतात आणि तिथे एक वेगळी, शांत लढाई चालू असते. ज्याचा पुढचा पाय समोरच्याच्या पुढच्या पायाच्या बाहेरच्या बाजूला पडतो, त्याच्या मागच्या हाताला सरळ वाट मोकळी होते आणि समोरच्याच्या मागच्या हाताला लांबचा वळसा पडतो. उसिक ही बाहेरची बाजू मिळवायला सतत धडपडतो. ती न मिळाल्यास हात चालवायची घाई करत नाही. छोटी पावलं टाकतो, परत येतो, पुन्हा प्रयत्न करतो.

यासोबत त्याचा पुढचा हात एक काम करत असतो. फ्युरीच्या पुढच्या ग्लोव्हला तो हलकेच थापटतो, दाबतो, बाजूला सारतो. दिसायला ते काहीच नाही. पण तो हात गुंतलेला असताना फ्युरीचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) निघायला क्षणभर उशीर होतो, आणि उंच माणसाचं सगळं शस्त्र म्हणजे त्याचा जॅब. मध्येच उसिक खांदा हलवून ठोसा येतोय असं भासवतो आणि मारत नाही. फ्युरी त्यावर काय करतो ते पाहून ठेवतो. मागे जातो का? हात वर घेतो का? कोणत्या बाजूला झुकतो? ही माहिती तो साठवतो. पुढच्या राऊंडमध्ये तीच हालचाल होईल तेव्हा ठोसा तिथे आधीच पोचलेला असतो. त्याचे बरेचसे ठोसे अर्ध्या जोराचे असतात. तू ज्याला ‘दम नव्हता’ म्हणालास ना, तसे. त्या हलक्या ठोशांनी समोरचा हातांत अडकून राहतो आणि पुढचा जोराचा डावा हात त्याला दिसतच नाही.

हे सगळं सुरळीत झालं असं समजू नकोस. मधल्या राऊंडमध्ये फ्युरीने उसिकला पोटात आणि बरगड्यांवर मारलं, त्याचे अपरकट (खालून वर येणारे ठोसे) बसू लागले, सहाव्या राऊंडमध्ये तर उसिक चांगलाच हलला. लढत हातातून चालली होती. इथे खरा चॅम्पियन दिसतो आणि म्हणून हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. मार बसल्यावर तुझ्या वयाची मुलं (आणि मोठीसुद्धा) एकच करतात, उट्टं काढायला डोळे मिटून हात फिरवतात. उसिकने तसं केलं नाही. तो पुन्हा पायांवर आला. तीच छोटी पावलं, तोच समोरचा ग्लोव्ह थापटणं. आठव्या राऊंडमध्ये त्याचा डावा हात बसायला लागला, फ्युरीच्या नाकातून रक्त आलं. नवव्यात एका डाव्या ठोशाने फ्युरीचे पाय गेले. तो रिंगभर धडपडत एका दोरावरून दुसऱ्या दोरावर गेला. दोरांनी सावरलं नसतं तर पडलाच असता, म्हणून रेफरीने त्याला उभ्यानेच मोजलं.

निकाल दोन विरुद्ध एक असा लागला. दोन जजनी ११५–११२ आणि ११४–११३ असं उसिकला दिलं, तिसऱ्याने ११४–११३ असं फ्युरीला. आता हिशोब कर. नवव्या राऊंडमधल्या त्या मोजणीने फ्युरीचा एक जादा गुण गेला. तो गेला नसता तर दुसऱ्या जजकडे ११४–११४ झाले असते आणि लढत बरोबरीत सुटली असती. एवढ्या मोठ्या लढतीचा निकाल त्या एका डाव्या हातावर लागला, आणि त्या हाताची वाट आठ राऊंड पायांनी तयार केली होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दोघे पुन्हा लढले. तेव्हा तिन्ही जजनी उसिकलाच दिलं.

म्हणजे जड ठोसा बिनकामाचा का? अजिबात नाही. त्यासाठी अमेरिकन हेवीवेट बॉक्सर जॉर्ज फोरमनचं आयुष्य डोळ्यांसमोर आण. त्याच्याइतका जड हात क्वचितच कुणाला मिळाला असेल. १९७३ मध्ये किंग्स्टनला त्याने जो फ्रेझरला दोन राऊंडांत सहा वेळा पाडून किताब घेतला. १९७४ मध्ये किन्शासात मुहम्मद अलीसमोर उतरला तेव्हा ४० पैकी ४० लढती जिंकलेल्या, त्यातल्या ३७ नॉकआउटने. अली दोरांना टेकून हातांवर मार झेलत राहिला, फोरमन मारत राहिला, थकला, आणि आठव्या राऊंडमध्ये खाली गेला. तोच फोरमन ५ नोव्हेंबर १९९४ ला, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, तेव्हाचा हेवीवेट विजेता मायकेल मूरर याच्यासमोर उभा राहिला. पाय जड झाले होते, वेग उरला नव्हता, गुणांवर तिन्ही जजकडे तो मागे होता. पण या खेपेला तो जॅब मारत, मूररला आपल्या उजव्या हाताच्या रेषेत आणत राहिला. दहाव्या राऊंडमध्ये एक-दोन, म्हणजे जॅब आणि लगेच उजवा हात, आणि मूरर उठला नाही. किन्शासात जास्त जोर होता, पण तिथे तो दोरांवर टेकलेल्या माणसाच्या हातांवर खर्ची पडला. तुझा उजवा हात मला १९७४ च्या फोरमनसारखा वाटतो, आणि तो वाया जाऊ नये म्हणूनच एवढं लिहितोय.

काकांना माझा नमस्कार सांग, पण त्यांचं म्हणणं मला पटत नाही. उंची जन्मजात असते. हाताची लांबी, काही प्रमाणात वेगही. पाय शिकवता येतात. उसिकचाच देशबांधव आणि ऑलिम्पिकमधला सोबती व्हॅसिल लोमाचेन्को, २००८ आणि २०१२ असं दोनदा ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलेला. बॉक्सिंगमधली त्याच्या पायांची करामत आज जगभर दाखवून शिकवतात. लहानपणी त्याच्या वडिलांनी, जे त्याचे कोचही होते, त्याला बॉक्सिंग थांबवायला लावून युक्रेनच्या पारंपरिक नाचाच्या वर्गाला पाठवलं होतं. ग्लोव्हपेक्षा आधी पाय घडू देत, हा त्यांचा विचार. जन्मजात असतं तर वडिलांना एवढा खटाटोप करावा लागला नसता.

डॉक्टरांनी हो म्हटलं की काय करायचं ते आता सांगतो.

हरलेल्या बाऊटचा व्हिडिओ कुणीतरी काढला असेलच. आवाज बंद करून बघ. तुला ठोसा लागला की थांबव, आणि त्या क्षणी तुझे पाय कुठे आहेत ते वहीत लिही. माझा अंदाज असा, की बहुतेक वेळा तू उजवा हात मारून तिथेच उभा असशील, मागची टाच उचललेली, वजन सगळं पुढच्या गुडघ्यावर, आणि हात परत हनुवटीपाशी आलेला नसेल. जड ठोशाच्या मुलांची ही नेहमीची सवय. मारल्यावर परिणाम बघायला थांबतात. कबड्डीत चढाईला गेलेला गडी हात लावून तिथे उभा राहत नाही, मध्यरेषेकडे परत कसं यायचं हे त्याने आत शिरण्याआधीच ठरवलेलं असतं. रिंगमध्येही आत शिरताना बाहेर पडायची बाजू ठरलेली हवी. आणि सरळ मागे जाऊ नकोस, समोरच्याचा उजवा हात तिथेच वाट बघत असतो. बाजूला निघ.

पावलांचा साधा नियम तुला कोचनी पहिल्या महिन्यातच सांगितला असेल. पुढे जाताना पुढचा पाय आधी, मागे जाताना मागचा आधी, डावीकडे जाताना डावा आधी, उजवीकडे उजवा. पाय एकमेकांना ओलांडायचे नाहीत, जवळही आणायचे नाहीत. सगळ्यांना तो पाठ असतो आणि थकल्यावर सगळे विसरतात. म्हणून तो सराव ताज्या अंगाने न करता दमल्यानंतर, शेवटी कर. आणखी एक लक्षात घे. ठोशाचा जोर दंडातून येत नाही. मागच्या पायाने जमीन ढकलली की तो कमरेतून फिरतो, खांद्यातून मुठीत येतो. पाय चुकीच्या जागी असतील तर ढकलायला काही उरत नाही. त्यामुळे जागा नीट घ्यायला शिकलास की तुझा हात हलका पडेल ही भीती सोड, तो आणखी जड होईल.

कोचना दोन गोष्टी विचार. पहिली, फक्त जॅबचं स्पारिंग. दोघांनीही पुढचाच हात वापरायचा, तोही हलका. उजवा हात काढून घेतला की तुला अंतर मोजल्याशिवाय गत्यंतर राहणार नाही. सुरुवातीला खूप चिडशील, कारण केंद्रातली किरकोळ मुलं तुला लावून जातील. होऊ दे तसं. दुसरी, असे राऊंड की ज्यात तू ठोसा मारायचाच नाही, फक्त चुकवायचं आणि कोपऱ्यात सापडायचं नाही. कडक स्पारिंग रोज लागत नाही. ठोसे कसे खायचे हे शिकवायची माझी इच्छा नाही आणि तुलाही ते शिकायची गरज नाही. चांगल्या केंद्रांमध्ये बराचसा सराव हलक्या हाताने होतो, कारण मेंदू शाबूत असलेलाच मुलगा पुढच्या वर्षीही सरावाला येतो.

बाऊटच्या दिवशी पहिल्या राऊंडची सुरुवात माहिती काढण्यात घालव. दोन-तीनदा खोटा खांदा हलव आणि तो काय करतो ते बघ. कोपऱ्यात बसल्यावर एका मिनिटात कोचना तेवढंच सांग, ‘हात वर घेतोय, पोट उघडं पडतंय,’ किंवा जे दिसलं असेल ते. कोपऱ्यात बसलेल्या मुलाला एका वेळी एकच सूचना झेपते. तुझ्या कोचनाही ते ठाऊक असेल.

राहिला वजनाचा प्रश्न. नको. सतराव्या वर्षी हाडं वाढतायत, स्नायू भरतायत, आणि तू जेवण आणि पाणी तोडून खाली जायचं म्हणतोस. पाणी कमी झालं की आधी जातात ते पायच, आणि तुला तर त्यांच्यावरच काम करायचं आहे. अंगातलं पाणी कमी असताना डोक्यावर बसलेला मार जास्त धोक्याचा, असंही डॉक्टर बजावतात. प्लास्टिक घालून पळणं, आदल्या दिवशी थुंकत बसणं हे प्रकार तुला कुणी शिकवले असतील तर ऐकू नकोस. आणि ज्यांच्याबद्दल एवढं बोललो त्यांचा प्रवास उलट्या दिशेने झालाय. उसिक हौशी बॉक्सिंगमध्ये ८१ किलोच्या गटात युरोपचा विजेता झाला, ९१ किलोत २०१२ चं ऑलिम्पिक सुवर्ण घेतलं, आणि मग वर हेवीवेटमध्ये गेला, स्वतःहून कितीतरी मोठ्या माणसांत. आपली मेरी कोम ४८ किलोतली. लंडन ऑलिम्पिकमध्ये महिलांसाठी तिचा गटच नव्हता, सगळ्यात लहान गट ५१ किलोचा. ती वर जाऊन लढली आणि कांस्य घेऊन आली. पुढे २०१८ मध्ये दिल्लीत पुन्हा ४८ किलोत उतरून सहावं जागतिक सुवर्ण घेतलं, अंतिम फेरीत तिच्याहून कितीतरी लहान असलेल्या युक्रेनच्या हाना ओखोताला पाचही जजच्या निकालाने हरवून. त्या बाऊटमध्येही बघ, मेरी आत शिरते, दोन-तीन ठोसे लावते आणि ओखोताचा हात फिरेपर्यंत तिथे नसते.

तेव्हा नाव आहे त्याच गटात दे. आणि सकाळी वजन देऊन झालं की आधी पाणी पी, मग नीट जेव, आणि बाऊटपर्यंत पाय वर करून पडून राहा.